१८० म्हणजे किती?

ताईने केकची कृती फोनवर सांगितली आणि मी ती हाताला लागलेल्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतली. शेवटची ओळ अशी आहे: '१८०ला ४० मिनिटं, सुरी खुपसून बघणे.' ती ओळ मी तीन वर्षं इमानेइतबारे पाळली आणि तीन वर्षं केक एकाच पद्धतीने बिघडत राहिला. कडा काळसर, मध्ये टेकाड, टेकाडाच्या माथ्यावर भेग आणि भेगेत सुरी खुपसली की पात्यावर ओलं पीठ. मग ते टेकाड कापून, वरून काहीबाही थापून मी ते प्रकरण लोकांसमोर ठेवायचो. लोक चांगले असतात, खातात.

ताईचा केक मात्र टेबलासारखा सपाट. वरून बघा, खालून बघा, रंग सारखाच.

चूक माझ्या हातात आहे, हे मी धरूनच चाललो होतो. आधी बेकिंग पावडर नवी आणली. मग अंडी तासभर आधी फ्रीजबाहेर काढायला लागलो. लोणी आणि साखर फेटताना घड्याळ लावलं. वाटीने मैदा मोजणं सोडून वजनकाटा घेतला. एवढं एक काम बरं झालं, कारण वाटी अलगद भरली की ठोकून भरली यावर मैद्याच्या वजनात चांगलाच फरक पडतो. पण टेकाड जागचं हललं नाही. सगळं करून झालं तेव्हा मी ताईवर संशय घ्यायला लागलो. कृती सांगणारी माणसं एखादी गोष्ट हातची राखतात असं म्हणतातच. सख्खी बहीण झाली म्हणून काय झालं? आडून आडून दोनदा विचारलंही, 'अजून काही घालतेस का गं?' ती म्हणाली, 'नाही रे, एवढंच.' त्या 'एवढंच'मध्येही मला काहीतरी दडलेलं ऐकू यायला लागलं.

ओव्हनच्या नॉबवर मात्र कधी शंका आली नाही. तिथे १८० छापलेलं होतं, आणि छापलेल्या आकड्याशी कोण वाद घालतो? माणूस मैद्यावर संशय घेईल, अंड्यावर घेईल, बहिणीवर घेईल.

उलगडा झाला तो बटर पेपरमुळे. एकदा भांड्याबाहेर आलेली कागदाची टोकं करपून तपकिरी झालेली दिसली. बोट लावलं तर पापडासारखी मोडली. कागदाचं खोकं अजून ओट्यावरच होतं. त्यावर लिहिलं होतं, २२० अंशांपर्यंत चालतो. १८०ला हा कागद फिकट पिवळा झाला असता तर समजू शकलो असतो. कागदाला माझ्याशी खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

त्या रात्री घरात थर्मामीटर नव्हता, पण साखर होती. साखरेची एक जुनी युक्ती आहे. शुद्ध साखर साधारण १८६ अंशांना वितळते असं पुस्तकं सांगतात. अॅल्युमिनियम फॉइलची छोटी वाटी करायची, तिच्यात चमचाभर साखर पसरायची, ओव्हन नीट तापल्यावर १५ मिनिटं आत ठेवायची. नॉब १८०वर असेल आणि ओव्हन खरा असेल तर दाणे तसेच पांढरे बाहेर आले पाहिजेत. माझ्या वाटीतून मधाच्या रंगाचा पाक बाहेर आला. नॉब १७०वर आणला, पाक. १६०वर आणला, तरी पाकच, रंग जरा फिका. १५०ला कडेचे थोडे दाणे एकमेकांना चिकटले, बाकी साखर साखरच राहिली. म्हणजे खरे १८६ माझ्या नॉबवर १५० आणि १६० यांच्या मध्ये कुठेतरी बसले होते. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, समोर चार वाट्या होत्या आणि मला जो आनंद झाला तो कुणाला सांगायची सोय नव्हती.

या परीक्षेवर फार विसंबू नये, हेही सांगितलं पाहिजे. साखर बर्फासारखी एका ठरलेल्या अंशाला वितळत नाही. ती बराच वेळ उष्णतेत राहिली तर त्याहून कमी तापमानालाही तुटायला लागते, रंग धरते, पातळ होते. म्हणून वेळ आखूनच ही परीक्षा करायची, आणि तिच्याकडून 'जास्त आहे' किंवा 'कमी आहे' एवढंच उत्तर मागायचं. किती, ते मोजायला थर्मामीटरच लागतो.

पहिला आणला तो जाळीवर उभा करायचा गोल काट्याचा. त्याच्या पोटात दोन वेगळ्या धातूंच्या जोडपट्टीची गुंडाळी असते. दोन्ही धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत, त्यामुळे पट्टी वाकते आणि काटा फिरतो. १८व्या शतकात जॉन हॅरिसनने समुद्रावर न्यायच्या घड्याळांसाठी अशी पट्टी वापरली होती. उष्णतेने घड्याळ मागेपुढे होऊ नये म्हणून. साधी, टिकाऊ वस्तू आहे, पण संथ. शिवाय मनात लगेच किडा वळवळला: ओव्हन खोटा निघाला, तर हा काटा खरा कशावरून?

म्हणून मित्राकडून वायरवाला थर्मामीटर मागून आणला. याची वायरच उष्णता ओळखते, आकडा बाहेरच्या पडद्यावर दिसतो, दार उघडावं लागत नाही. आणि त्याची परीक्षा घेता येते. पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून ढवळलं की ते शून्य, आणि खळखळ उकळतं पाणी म्हणजे १००. दुसरं टोक समुद्रसपाटीचं. दर ३०० मीटर चढाला उकळबिंदू साधारण एका अंशाने उतरतो, तेवढं वजा धरायचं. (सेल्सियसने १७४२ मध्ये ही मोजपट्टी मांडली तेव्हा उकळत्या पाण्याला ० आणि गोठणाऱ्याला १०० दिले होते. ती पुढे उलटी केली. माझा ओव्हन त्या मूळ पट्टीवर चालत नाही ना, अशी शंका एका वाईट क्षणी येऊन गेली.) वायर दोन्ही टोकांना एका अंशाच्या आत बरोबर निघाली. पंच मिळाला.

मग एका सुट्टीच्या दिवशी नॉब १८०वर ठेवून, वायरचं टोक मधल्या जाळीवर बरोबर मध्यभागी, कुठल्याच भिंतीला टेकणार नाही असं बांधून, मी वही घेऊन ओव्हनसमोर बसलो. दर मिनिटाला एक आकडा. पहिला धडा असा की ओव्हनमध्ये १८० नावाची गोष्ट नसतेच. हीटर एक तर पूर्ण चालू असतो, नाही तर पूर्ण बंद. घरगुती ओव्हनला सहसा अधलंमधलं काही येत नाही. तो तापतो, ठरलेली रेघ ओलांडतो, बंद होतो. बंद झाल्यावरही लाल कॉइलमधली उष्णता काही वेळ बाहेर येत राहते म्हणून आणखी चढतो, मग उतरायला लागतो, रेघेच्या खाली घसरतो, पुन्हा चालू. चांगला ओव्हनसुद्धा असा १०-१५ अंश वर आणि तेवढाच खाली हेलकावतो. टेबलावरचे छोटे ओव्हन तर जास्तच, कारण त्यांचा पत्रा पातळ आणि कॉइल जाळीच्या अगदी अंगावर. त्यामुळे एकदा डोकावून 'अरे, २१० दाखवतोय' असं म्हणून कपाळाला हात लावण्यात अर्थ नाही. पहिली उसळी सोडून द्यायची, पुढचे चारपाच हेलकावे मोजायचे आणि मधला आकडा काढायचा.

माझा हेलकावा १९५ ते २२२ होता. मधला आकडा २०८. नॉब म्हणतो १८०. फरक २८.

साखरेने जवळजवळ बरोबर सांगितलं होतं!

आता २८ अंशांनी एवढं काय बिघडतं, हा प्रश्न मला पडला होता, आणि त्याचं उत्तर मिळाल्यावर केककडे बघायची माझी नजरच बदलली. केकचं पोट १००च्या वर जातच नाही. त्यात पाणी आहे. ते वाफ होत राहतं तोवर आतला भाग शंभरीच्या अलीकडेच राहतो. ब्रेडचंही तेच, ९३ ते ९८ अंशांच्या आसपास तो आतून झालेला असतो. मग ओव्हन १८० असला काय आणि २०८ असला काय, आतल्या पिठाला दोन्ही सारखेच परके. फरक पडतो तो काठावर. काठावरचं पाणी आधी उडतं, पृष्ठभाग १४०च्या पुढे सरकतो आणि तांबूस व्हायला लागतो. ओव्हन जास्त गरम असेल तर हे लवकर होतं. वरची आणि कडेची साल घट्ट होऊन बसते, आणि मधलं पीठ अजून पातळच असतं, कारण पिठातून उष्णता अगदी रमतगमत आत जाते. उशिरा का होईना, मध्याला जाग येते. बुडबुडे फुगतात, पीठ वर चढू बघतं. बाजूंनी वाट बंद झालेली, मग ते जिथे साल सगळ्यात मऊ असेल तिथून डोकं वर काढतं. ते टेकाड, ती भेग. आणि काठ करपायला लागला म्हणून मी घाबरून केक बाहेर काढायचो, तेव्हा मधलं पीठ अजून अर्ध्या वाटेवरच असायचं.

ओव्हन थंड असेल तर उलटं. लोणी वितळून जातं, बेकिंग पावडरचे बुडबुडे वर येऊन निघून जातात, आणि त्यांना धरून ठेवणारं अंडं आणि पीठ घट्ट व्हायला उशीर होतो. केक फुगल्यासारखा करतो आणि बसतो. फिका, जड, थोडा तेलकट. बिस्किटं असतील तर ती पसरून एकमेकांत मिसळतात आणि ट्रेभर एकच बिस्किट तयार होतं.

सगळी गोष्ट काठ आणि मध्य यांच्या शर्यतीची आहे, आणि ओव्हनचा आकडा काठाला किती सुरुवात द्यायची ते ठरवतो. हे कळल्यावर तीन वर्षांचे बिघडलेले केक एकेक करून डोळ्यांसमोर आले. त्यांच्यापैकी एकही माझ्या हाताने बिघडलेला नव्हता. बरं वाटलं, आणि राग पण आला. कारण त्या काळात मी फेटण्याबद्दल जे जे शिकलो होतो ते सगळं एका खोट्या आकड्यावर रचलेलं होतं.

दुसरा धडा दिव्याचा. ओव्हनचा लाल दिवा पहिल्यांदा विझतो तेव्हा 'तापला' असं आपण समजतो. तापलेली असते आतली हवा. भिंती, जाळी, दाराची काच अजून तापायच्या असतात. खाद्यपदार्थाला हवेइतकीच, किंबहुना काही वेळा जास्तच, उष्णता भिंतींकडून मिळते. दिवा विझल्याविझल्या दार उघडलं की ती गरम हवा भस्सकन बाहेर येते, आकडा एकदम कोसळतो, आणि सावरायला भिंतींकडे काही शिल्लक नसते. माहितीपुस्तिका १० मिनिटं तापवा म्हणतात. माझ्या मते ते पुस्तिका लिहिणाऱ्याच्या घाईचं माप आहे. २० ते ३० मिनिटं द्यावीत. तळाशी जाडसर दगडी किंवा पोलादी फरशी ठेवली तर आणखी वेळ लागतो, पण मग ओव्हन दार उघडल्यावर एवढा गडबडत नाही.

आणि उशिरा तापणं वेगळं, चुकीचं तापणं वेगळं. विजेचा दाब १० टक्क्यांनी उतरला तर हीटरची ताकद १९ टक्क्यांनी घटते, कारण ती दाबाच्या वर्गावर, म्हणजे दाब गुणिले दाब या हिशोबाने चालते. अशा दिवशी ओव्हन रडतखडत वर चढतो, पण थांबायचं तिथेच थांबतो. दाराची रबरी पट्टी फाटलेली असेल तर पुढची रांग कच्ची आणि मागची करपलेली. खालची कॉइल अर्धी गेलेली असेल तर वरून सुरेख आणि तळ पांढराफटक. यातलं काहीही झालं तरी आपण म्हणतो एकच, 'टेंपरेचर गडबडलंय.'

गडबड कुठे आहे ते बघायला पावाच्या स्लाइसचा नकाशा काढावा. अख्ख्या जाळीवर स्लाइस एकाला एक चिकटून मांडायच्या, १० मिनिटं ठेवायच्या आणि मांडलेल्या क्रमानेच बाहेर काढायच्या. माझ्याकडे मागचा डावा कोपरा चॉकलेटी निघाला आणि दारापाशी उजवीकडे दोन स्लाइस अंगाला ऊन न लागल्यासारख्या. तेव्हापासून भांडं अर्ध्या वेळाने फिरवतो. तो नकाशा दोन दिवस टेबलावर मांडून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी घरच्यांनी खाऊन टाकला.

हे सगळं एका बारक्या नळकांडीमुळे होतं. नॉबवाल्या ओव्हनच्या आत, बहुतेक मागच्या भिंतीपाशी किंवा छताखाली, पेन्सिलीहून बारीक धातूची एक कांडी क्लिपेत अडकवलेली असते. तिच्यात तेलासारखा द्रव. तिथून केसासारखी नळी नॉबमागच्या एका चपट्या डबीकडे जाते. ओव्हन तापला की द्रव फुगतो, डबीचा पडदा पुढे सरकतो आणि स्विच तुटतो. नॉब फिरवताना आपण तापमान ठरवत नसतोच. पडदा किती सरकला की स्विच तुटावा, तेवढं ठरवतो. त्या सरकण्याला १८० असं नाव कारखान्यात दिलेलं असतं. कल्पना जुनी आहे. १७व्या शतकाच्या पूर्वार्धात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराने अंडी उबवायच्या भट्टीसाठी असंच काहीतरी जुळवलं होतं. अल्कोहोल फुगायचं, ते पारा ढकलायचं आणि पारा धुराची वाट झाकायचा. बटणवाल्या डिजिटल ओव्हनमध्ये द्रवाऐवजी एक दांडी असते. बऱ्याच ओव्हनमध्ये ती प्लॅटिनमची असते, आणि तापली की तिचा विद्युतरोध वाढतो: शून्य अंशाला १००० ओहम, खोलीच्या तापमानाला १०८०च्या आसपास. मल्टिमीटरने ते तपासता येतं, आणि अशा अनेक ओव्हनच्या सेटिंगमध्येच काही अंश वरखाली करायची सोय असते. लोक ती पुस्तिका न वाचताच फेकून देतात.

माझ्या ओव्हनला सेटिंग नव्हतं, आणि विजेच्या वस्तूचं मागचं झाकण उघडायची माझी लायकी नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी नॉबशेजारी पांढरी चिकटपट्टी लावली. फरक सगळीकडे सारखा नव्हता. १२०ला २० जास्त, १८०ला २८, २२०ला ३३. तीन ओळींचं कोष्टक झालं. वहीत प्रत्येक आकड्याशेजारी कंसात दुसरा आकडा आला. १८० (१५२). हा ओव्हन खोटं बोलत होता, पण रोज तेवढंच बोलत होता, आणि अशा माणसाशीही संसार होतो. आज २० उद्या ४० असं करणारा ओव्हन मात्र घरात ठेवू नये. त्याच्यासाठी कुठलीच चिकटपट्टी पुरत नाही.

१५२वर केलेला पहिला केक सपाट आला. फोटो ताईला पाठवला. तिचा फोन आला, 'अरे वा! काय केलंस?' मग मी सगळं सांगितलं, संशयासकट. लपवून तरी काय करणार? ती आधी हसली. मग म्हणाली, 'म्हणजे तीन वर्षं तुला वाटत होतं, मी तुझ्यापासून केक लपवतेय?' त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून विषय बदलायला मी म्हटलं, पुढच्या वेळी येताना थर्मामीटर घेऊन येतो.

आलो. तिच्या ओव्हनसमोर वही घेऊन बसलो. ती मागून कामं करत टोमणे मारत होती. पाच हेलकावे झाले, बेरीज केली, पुन्हा केली. तिचे १८० म्हणजे १६५.

'म्हणजे मी इतकी वर्षं १६५वर करत होते?' ती स्टुलावर बसली. 'कुणाला सांगू नकोस हं.'

तिने मला खरंच काही हातचं राखलं नव्हतं. तिने तिच्या ओव्हनचे १८० दिले होते आणि मी ते माझ्या ओव्हनचे समजून घेतले. दोघांच्या १८०मध्ये ४३ अंशांची दरी होती, आणि त्या दरीत तीन वर्षं माझे केक पडत होते. मुळात हे १८० तरी कुठून आले? इंग्रजी पुस्तकांत सगळीकडे ३५० फॅरेनहाइट असतं. त्याचे होतात १७७, कुणीतरी त्याचे १८० केले. आत पंखा फिरत असेल तर तोच पदार्थ २० अंश खाली करावा म्हणतात. काळं भांडं जास्त उष्णता ओढतं, चकचकीत भांडं परतवतं. आणि १९२३च्या सुमारास ब्रिटनमध्ये गॅसच्या ओव्हनला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आपोआप राखणारी कळ लागली, तेव्हा त्याच्या नॉबवर अंश नव्हतेच, नुसते १, २, ३, ४ असे क्रमांक. त्याच्याही आधीच्या कृतींमध्ये 'मंद ओव्हन', 'मध्यम ओव्हन', 'कडक ओव्हन' एवढंच लिहिलेलं असे. बाई चिमूटभर पीठ किंवा कागदाचा कपटा आत टाकायची आणि किती वेळात तांबूस होतो ते बघायची. माझ्या करपलेल्या बटर पेपरने मला नेमकं तेच सांगितलं होतं, फक्त मी ते तीन वर्षं वाचलं नाही.

'मेकॅनिकला बोलावू का तुझ्यासाठी?' मी ताईला विचारलं.

'हात लावू नकोस. माझा केक बिघडवायचाय का तुला?'

माझ्याकडे मेकॅनिक आला तो दुसऱ्याच कामासाठी, आतला दिवा गेला होता म्हणून. वयस्कर गृहस्थ, बोलणं कमी. त्यांनी चिकटपट्टीवरचं कोष्टक चष्मा वर करून वाचलं. 'हे काय लिहिलंय?' मी अभिमानाने समजावून सांगितलं. त्यांनी प्लग काढला, टॉर्च आत मारला आणि दोन मिनिटांनी म्हणाले, 'क्लिप तुटलीय. कांडी मागच्या भोकात सरकलीय. तिथं गार असतं.' म्हणजे कांडीला आपण गार कोपऱ्यात आहोत असं वाटत होतं आणि ती बिचारी आणखी उष्णता मागत होती. त्यांनी नवी क्लिप बसवली, कांडी पुढे ओढून अडकवली. नॉब उपसून दाखवला. मधल्या पोकळ दांडीत एक बारीक स्क्रू होता. 'उरलासुरला फरक असेल तर यानं जातो. पण आधी मोजून बघा, मग मला सांगा.'

'काका, हे तीन वर्षं असंच होतं.'

'दिवा लवकर जायला हवा होता,' ते म्हणाले.

मोजलं. १८०ला १८४. स्क्रूला हात लावायचीही गरज पडली नाही. चिकटपट्टी काढली, तिच्या खालचा रंग बाकीच्यापेक्षा उजळ होता. आणि त्याच आठवड्यात केक असा बसला की बघवेना. फिका, मध्ये खड्डा, खाली लोण्याचा थर. हात आपोआप १५२वर गेला होता. वहीतले कंसातले सगळे आकडे एका दुपारीत निकामी झाले होते. मी पेन घेऊन एकेक खोडत गेलो. केकच्या ओळीपाशी थांबलो, कारण तिथे १८० लिहिणंही खरं नव्हतं. ताईचा केक १६५चा. तेवढं लिहिलं आणि पुढे तारीख टाकली.

या गोष्टीला वर्ष होत आलं असेल. परवा ताईचा फोन आला. तिचा ओव्हन गेला. कॉइल जळाली आणि भाग मिळेना, म्हणून नवा घेतला. डिजिटल, पंखा बंद-चालू करता येणारा, सगळं आकड्यांत दाखवणारा. आवाजात मात्र नव्या वस्तूचा आनंद नव्हता.

'अरे, मध्ये फुगतोय रे. कडा लाल होतायत. दोनदा केला. बेकिंग पावडर पण नवी आणली.'

मी वही काढली. शेवटचं पान आता मोकळं निघत होतं.

'१६५ला ठेव,' मी म्हटलं. 'पंखा बंद. अर्धा तास आधी तापव.'

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही.

'एवढंच?' ताई म्हणाली. 'काही हातचं राखत नाहीयेस ना?'